कोयत्याची धार दोन दिवसांत जाते? पोलादाला शिव्या देण्याआधी हे तपासा

"दादा, परत गेली बघ धार."

मामेभावानं गोणपाटात गुंडाळलेला कोयता कट्ट्यावर ठेवला. दिवाळीला गुऱ्हाळ सुरू झाल्यापासून ही सातवी खेप. दर बाजारादिवशी तो धार लावून आणतो. पहिल्या दिवशी कोयता उसातून काकडी कापल्यासारखा चालतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेका उसाला दोन-दोन घाव लागतात, तिसऱ्या दिवशी नुसत्या शिव्या. धार लावणारा म्हणतो, पोलादच बाद आहे, नवीन घ्या. भाऊ म्हणतो, हल्ली पोलादच नीट येत नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-बुडवून कडक करायच्या खात्यात सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे गावातली कुऱ्हाड, विळी, सुरी, काय बिघडेल ते फिरत फिरत माझ्या कट्ट्यावर येतं. "धार टिकत नाही" या एका वाक्यात निरनिराळी दुखणी लपलेली असतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं. भावाचं नेमकं तेच चाललं होतं, आणि वर दर खेपेला तो त्याचे पैसेही मोजत होता.

धार कशी गेली?

अंधाऱ्या खोलीत जा, मोबाइलची बॅटरी लावा आणि धार वर करून डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परत फेकायला तिच्या टोकाला जागाच नसते. जिथे धार गेलीय तिथे पांढरी रेघ चमकते. आता अंगठ्याचं नख पात्याच्या पाठीकडून धारेकडे अलगद ओढा, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. (धारेवर आडवं नका फिरवू, नख जाईल.) एका बाजूला नख अडकतंय आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत जातंय, तर धार मुडपलीय. म्हणजे ती झिजलेली नाही, वाकून एका अंगावर पडलीय. रेघ तुटक आहे, करवतीसारखे दाते दिसतात, तर धारेचे कण उडालेत. आणि दोन्ही नाही, नुसती सलग बारीक पांढरी रेघ आहे, तर धार झिजलीय.

मुडपली तर धार मऊ. दाते पडले तर धार कडक, नाहीतर फार पातळ. (दगडावर बसली असेल तर गोष्ट वेगळी, त्यात पोलादाचा दोष नाही.) नुसती झिजली तर बहुतेक वेळा ते कामाचं झिजणं असतं. ऊस बुडाशी तोडताना माती लागते आणि उसाच्या पाचटात सिलिका असतेच, तिच्यापुढे कुठलंही पातं झिजणारच. सकाळी निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) चार हात मारले की भागतं.

भावाचा कोयता टोकापासून मुठीपर्यंत डाव्या अंगाला मुडपला होता. म्हणजे मऊ. पण मऊ का? इथे बहुतेकजण "पोलाद बाद" म्हणून मोकळे होतात.

कानस खरं बोलते

घरात बारीक दात्यांची, न झिजलेली एक कानस असू द्या. कानशीचं पोलाद रॉकवेल सी या कडकपणाच्या मापात साधारण ६२ ते ६५ असतं, म्हणजे आपल्या बहुतेक पात्यांपेक्षा कडक. पात्याच्या अंगावर, धारेच्या जवळ, हलक्या हातानं कानस ओढायची. ती काचेवरून गेल्यासारखी घसरली किंवा जेमतेम खरवडली, आवाज चिरका आला, तर पातं कडक आहे. सहज धरली आणि भरपूर चुरा पडला, तर मऊ.

एक खोच आहे. भट्टीत तापताना पात्याच्या वरच्या पापुद्र्यातलं कार्बन जळून जातं आणि तेवढा पापुद्रा मऊ राहतो. नुसता पृष्ठभाग घासून निकाल दिला तर चांगल्या पात्यावर अन्याय होतो. एकाच जागी दहा-बारा वेळा ओढा, पापुद्रा जाऊ द्या, मग ठरवा.

भावाच्या कोयत्याला मी धारेवर कानस लावली, ती धरली. चांगला राखाडी चुरा पडला. तीन मिलिमीटर वर सरकलो. घसरली! अजून एक बोट वर, तिथेही घसरली.

"म्हंजे?"

"म्हणजे पोलाद उत्तम आहे. फक्त धारेचं पाणी उतरलंय. धार लावायला काय वापरतो रे तो?"

"ते हातातलं मशीन असतंय की, फरशी कापायचं. लई झटक्यात लावतोय, पाच मिनिटात."

धार झटक्यात लागते, पाणीही झटक्यातच उतरतं

पाणी उतरणं हा शब्द लोहारांचा, आणि तो अगदी नेमका आहे. कोयत्याला "पाणी दिलं" म्हणजे लालभडक तापवून बुडवलं. त्या बुडवण्यात काय होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडं कार्बन. बरेच कोयते ज्याचे करतात त्या ट्रकच्या कमानपाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) कार्बन शंभरात अर्धा ते साठ शतांश भाग, म्हणजे ०.५ ते ०.६ टक्के. एवढंसंच, पण सगळा खेळ त्याचाच. गार पोलादात लोखंडाच्या कणांच्या रचनेत कार्बनला जागा नसते. ८३०-८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की रचना बदलते, जागा होते आणि कार्बन आत शिरून पसरतं. सावकाश गार केलं तर ते निवांत बाहेर पडतं आणि पोलाद मऊचं मऊ. पण एकदम बुडवलं तर बाहेर पडायला वेळच मिळत नाही. गच्च भरलेल्या एसटीचं दार कंडक्टरनं लावून घ्यावं तसं होतं. आतले हलू शकत नाहीत, बाहेरून कितीही रेटा दिला तरी गाडीचा पत्रा आत दबत नाही. या अडकलेल्या रचनेचं नाव मार्टेन्साइट. पोलादाचा कडकपणा म्हणजे हीच दाटी.

आता त्याच पात्याला पुन्हा उष्णता दिली तर? दार किलकिलं होतं. २०० अंशांना थोडी माणसं उतरतात, ३०० ला बरीच, ५०० ला एसटी निम्मी रिकामी. आणि उतरलेला माणूस गाडी गार झाली म्हणून परत चढत नाही. पातं नंतर पाण्यात बुडवून काही उपयोग नसतो तो यामुळे. गेलेला कडकपणा परत हवा असेल तर पुन्हा लाल करून पुन्हा पाणी द्यावं लागतं.

भावानं सांगितलेलं मशीन म्हणजे चार इंची ग्राइंडर, तो मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. धारेच्या टोकाला पोलाद केसाएवढं जाड, उष्णता मुरायला आत जागा नाही, पळायला वाट नाही. चाक टेकलं की क्षणात तिथे तीनशे-चारशे अंश होतात. बाकीचं पातं हाताला कोमट लागतं, म्हणून माणूस फसतो. धार लावणारे म्हणतात, "आम्ही निळं होऊ देत नाही." अहो, निळा रंग हा पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आहे, कांद्याच्या सालीहून कितीतरी पातळ. चाकाच्या पुढच्या फटक्यात तो निघून जातो. खाली लखलखीत पांढरं पोलाद दिसतं, आणि ते मऊ झालेलं असतं.

म्हणून ही तक्रार सारखी परत येते. ग्राइंडरची धार पहिल्या दिवशी खरंच झकास असते, मऊ पोलादालाही टोक काढता येतंच. ते दुसऱ्या दिवशी मुडपतं. माणूस पुन्हा ग्राइंडरकडे जातो, जळालेला भाग घासला जातो आणि खालचा चांगला भाग नव्यानं जळतो. सात खेपांत भावाचा कोयता बोटभर अरुंद झाला होता, आणि त्यातला बराचसा भाग चांगलं पोलाद होता. खरं सांगतो, हे बघून मला वाईट वाटलं. एखाद्या लोहारानं जीव लावून पाणी दिलेलं पातं.

दुरुस्ती अशी केली. जळालेली पट्टी काढून टाकायची, पण ती न जाळता. कुरुंदाचा मोठा दगड घेतला, बादली जवळ ठेवली आणि पाणी सोडत सोडत धार आधी सरळ बोथट करून घेतली. हो, बोथट. दर थोड्या वेळानं कानस लावून बघत होतो. दीड मिलिमीटर गेल्यावर कानस घसरायला लागली, तिथे थांबलो. मग दोन्ही अंगांनी उतार काढला. कोयता आपटणारं हत्यार आहे, त्याला सुरीसारखा निमुळता उतार देऊ नका. प्रत्येक बाजूनं वीसेक अंश, थोडं जास्तच. शेवटी बारीक निसण्यावर दोन्हीकडून आलटून पालटून हलके हात, म्हणजे धारेवर राहिलेली तार निघून जाते. सगळं मिळून दीड तास लागला. भाऊ तोवर तीनदा चहा पिऊन आला.

मशीनच वापरायचं असेल तर निदान एवढं पाळा. हातमोजा न घालता दुसऱ्या हाताचं बोट पात्याला, चाकापासून लांब, टेकवून ठेवा. बोटाला कोमट लागायच्या आतच थांबा, बुडवा. धारेच्या पाठीमागे पाण्याचा थेंब सोडा, तो वाळला की थांबा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर काहीही झालं तरी हातानं, ओल्या दगडावर.

कानस सगळीकडेच धरत असेल तर

मग दोन शक्यता. एक, पात्याला पाणीच दिलेलं नाही. दोन, पाणी धरायला आत कार्बनच नाही. बाजारात स्वस्तात मिळणारे काही कोयते साध्या पट्टीचे असतात, ज्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास. त्याला भट्टीत घाला, तेलात बुडवा, नवस बोला, कोयत्याला लागेल एवढा कडकपणा त्यातून येणार नाही.

फरक ठिणगीनं कळतो. इथे मात्र ग्राइंडर कामाचा, फक्त पाठीच्या बाजूनं लावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळ्या रेघा असतात, टोकाला क्वचित फुटतात. कमानपाट्याच्या ठिणग्या वाटेतच फांद्या फोडतात. कानशीच्या तर फुलबाजीसारख्या दाट फुलतात, कारण तिच्यात कार्बन १.२ टक्क्यांच्या घरात. शेजारी एक जुनी कानस आणि एक साधी सळई ठेवून तिन्हींच्या ठिणग्या पाठोपाठ बघा, एकदा बघितलं की विसरत नाही.

साध्या पट्टीचा निघाला तर त्यावर वेळ घालवू नका. गवत कापायला ठेवा. कमानपाट्याचा असून मऊ असेल तर मात्र तो सोनं आहे, फक्त पाणी द्यायचं राहिलंय. बरेचजण पाटा गॅसनं कापतात, घासून धार काढतात आणि विकतात. गाडीतला पाटा लवचिक राहावा म्हणून कारखान्यात त्याला बराच मऊ केलेला असतो, साधारण ४२ ते ४८ रॉकवेल. कोयत्याला ५५ च्या आसपास हवं. ती तफावत म्हणजे तुमची दोन दिवसांत जाणारी धार.

दाते पडतात त्याचं काय

गेल्या महिन्यात गुऱ्हाळावरचाच एकजण कोयता घेऊन आला, धार बघितली तर म्हाताऱ्याच्या दातांसारखी. कानस कुठेच धरेना. विचारलं, पाणी कशाचं दिलं? "गार पाण्याचं, विहिरीचं!" अभिमानानं सांगितलं. नंतर पुन्हा हलकं तापवून शेकलं का? "ते कशाला? कडकपणा जाईल की."

जाईलच, आणि थोडा जायलाच हवा. नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं. दार बंद केलेल्या एसटीतली दोन-चार माणसं मुद्दाम उतरवायची, म्हणजे आतल्यांना श्वास घेता येतो. कारखान्यात याला टेम्परिंग म्हणतात. आणि कमानपाट्याच्या पोलादात मँगनीज, क्रोमियम किंवा सिलिकॉन असतं, ते तेलातही व्यवस्थित कडक होतं. गार पाण्याचा एवढा झटका त्याला लागत नाही, उलट पातळ धारेला बारीक चिरा जातात. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं असावं, गार तेल घट्ट असतं आणि पात्याभोवती नीट फिरत नाही. लोखंडी डब्यात, झाकण हाताशी ठेवून. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर छातीला वाईट.

नशीब, त्याला चिरा गेल्या नव्हत्या. घरातल्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये (बायकोची परवानगी घेऊन) २३० अंशांवर तासभर, बाहेर काढून गार, पुन्हा तासभर. या ओव्हनचा काटा वीस-वीस अंश खोटं बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओव्हन नसेल तर पात्याचा एक भाग पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि पाठीकडून सावकाश शेका. साधारण २०५ अंशांना फिकट पिवळा, २३०-२४० ला गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. कोयता गवती आणि तपकिरीच्या मध्ये थांबवावा. सुरी पिवळ्यावर. कुऱ्हाड जांभळ्यापर्यंत गेली तरी चालेल, तिला मार खायचा असतो. हे रंग साध्या पोलादाचे, स्टेनलेसचं गणित वेगळं. पुसट उजेडात बघा, भर उन्हात पिवळा दिसतच नाही.

शेकूनही दाते पडत असतील तर दोष भट्टीचा असतो. पातं पिवळंधमक होईस्तोवर तापवलं की आतले दाणे मोठे होतात. एखादा तुटलेला तुकडा असेल तर त्याची मोड बघा. राखाडी, मखमलीसारखी मोड चांगली. साखरेसारखी चमकणारी असेल तर पोलाद भाजलंय. शहाणा लोहार तापत्या पात्याला लोहचुंबक लावतो. ७७० अंशांना चुंबक पकड सोडतं, त्याच्यापुढे रंग किंचित उजळला की बुडवायचं, आणखी वाट बघायची नाही.

कुणी तुम्हाला बेअरिंगच्या किंवा कानशीच्या पोलादाचा कोयता कौतुकानं देत असेल तर तो नम्रपणे परत करा. साधारण एक टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन, धार अप्रतिम राहते, आणि बांधावरच्या पहिल्या दगडावर अर्धा कोयता हातात, अर्धा उसात. त्याची सुरी करा, आयुष्यभर पुरेल. पोलाद भारी म्हणजे हत्यार भारी, हा समज मी कारखान्यातल्या इंजिनिअरांच्याही डोक्यातून काढू शकलो नाही.

शेवटायला देताना

कोयता अरुंद झाला की लोहाराकडे शेवटायला द्यावा लागतो. तापवून, ठोकून धार पुढे काढली की आधीचं सगळं पाणी गेलं, ते नव्यानं द्यावंच लागतं. लोहारमामांना घाई करू नका आणि तीनच गोष्टी विचारा: पाणी देणार का, तेलात का पाण्यात, आणि नंतर शेकणार का. जुने लोक फक्त धारेकडचा भाग बुडवतात, बाहेर काढून पटकन घासतात, आणि पाठीतली धग धारेकडे सरकताना रंग पळतो तो बघत उभे राहतात. तपकिरी धारेला टेकला की पुन्हा आख्खा बुडवतात. एकाच तापात पाणीही आणि शेकही. असा माणूस भेटला तर पैसे कमी करायला सांगू नका.

आणि रोजचं एक. उसाचा रस लागलेला कोयता रात्रभर तसाच पडला की सकाळी धारेवर तांबूस कड दिसते. धारेच्या टोकाला पोलाद इतकं पातळ असतं की एवढा गंजही ती खाऊन टाकतो. पुसून तेलाचं बोट फिरवायला अर्धा मिनिट लागतो.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांबद्दल थोडक्यात. लोहचुंबक चिकटत नाही ती सुरी बहुधा ३०४ स्टेनलेसची, म्हणजे चमच्याच्या पत्र्याची, तिला उष्णतेनं कडक करताच येत नाही. चिकटलं म्हणून चांगली असंही नाही, ४३० चा पत्राही चिकटतो आणि तोही मऊच. बऱ्या सुरीत कार्बन निदान ०.३ टक्के आणि क्रोमियम १३ च्या आसपास असतं. जर्मन घाटाच्या सुऱ्यांत कार्बन ०.५ आणि रॉकवेल ५५ ते ५७. त्या मुडपतात, तुटत नाहीत, आणि चिनी मातीच्या कपाच्या तळाच्या खरखरीत कडेवर दोन हात मारले की सरळ होतात. जपानी सुऱ्या साठाच्या वर, त्यांनी नारळ फोडू नये. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट भाजी चिरत असाल तर वरचं काहीही वाचायची गरज नव्हती, आधी लाकडी पाट घ्या.

भावाचा कोयता नवव्या दिवशीही ऊस एका घावात तोडत होता. मध्ये फक्त निसणा फिरवला. परवा तो पुन्हा आला, गोणपाट तेच. मला वाटलं कोयता. आत मामींची विळी निघाली, पस्तीस वर्षांची, बेळगावहून आणलेली.

"धार गेलती, म्हणून आईला न सांगता बाजारात लावून आणली. आता टोमॅटो चिरंना."

पातं खिडकीच्या उजेडात धरलं. टोकाकडच्या बाजूला, खोबणीत, जिथे चाक पोचलं नव्हतं तिथे, बोटभर निळा डाग होता.